गल्फची शिक्षकी: पगारासोबत काय काय मोजायचं?

बी.एड. झालेल्या मुलीला किंवा मुलाला आखातातल्या शाळेत जागा असल्याचा निरोप मोबाईलवर आला की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, पाठवा, नशीब उघडलं. दुसरा म्हणतो, परमुलखात कशाला, इथली अर्धी भाकर बरी. तिथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे आमच्या फैजपूर-सावदा भागात असे निरोप त्याच्या आगेमागे जास्त फिरतात. या वेळी तीन घरांतून माझ्याकडे विचारणा झाली. २०१२ ते २०१९ अशी सात वर्षं आम्ही जेद्दाला होतो आणि मी तिथल्या एका भारतीय शाळेत उर्दू आणि समाजशास्त्र शिकवलं. तिघांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा या सदरातूनच सगळ्यांशी बोलते.

आधी इथली बाजू पाहू. २०१३ पासून आपल्याकडे टीईटी आली, मग पवित्र पोर्टल आलं. परीक्षा पास होऊनही नेमणुकीची वाट पाहत मुलं तिशी ओलांडतात. प्राथमिक शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला ६,००० रुपये मिळत होते, त्यानंतर ते १६,००० झाले. विनाअनुदानित शाळेतलं मानधन तर सांगायलाही लाज वाटते. तेव्हा कुणी बाहेर जायचं म्हटलं की त्याला लोभी ठरवू नये. हलाल रोजीसाठी घर सोडणं आपल्याकडे नवीन नाही. रत्नागिरी, रायगडच्या कोकणी घरांनी तर कित्येक पिढ्या हेच केलं आहे.

तिथली शाळा आपल्या शाळेसारखीच असते आणि नसतेही. अभ्यासक्रम सीबीएसईचा, पुस्तकं एनसीईआरटीची, पण खिडकीबाहेर खजुराची झाडं. मुलींचा विभाग वेगळा, मुलांचा वेगळा. फजरची नमाज झाली की डबे भरायचे आणि बस पकडायची. माझ्या वर्गात केरळ, हैदराबाद, लखनौ, बिहार, सगळीकडच्या मुली होत्या. उर्दूच्या तासाला कुणी ‘नक्को’ म्हणे, कुणी लखनवी अदबीने बोले आणि मधूनच माझ्या तोंडून खानदेशी वळणाचा शब्द निघाला की सगळा वर्ग हसे. चाळीस मुलींच्या त्या वर्गात मला हिंदुस्तान जितका जवळून दिसला तितका इथे राहून कधी दिसला नव्हता.

एकदा स्वातंत्र्यलढा शिकवताना मी १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन सांगितलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, आणि ते भरलं आमच्या फैजपूरला. मुलींना खूप नवल वाटलं. मग एकीने विचारलं, “मॅम, तुमचं गाव मुंबईच्या आत आहे का?” तिचा जन्म जेद्दाचा. देश म्हणजे तिच्यासाठी जुलै-ऑगस्टची सुट्टी, नानीचं घर आणि भरलेल्या बॅगा. अशा मुलांना त्यांचा देश शिकवणं हे तिथल्या शिक्षकाचं खरं काम आहे, असं मला त्या दिवसापासून वाटू लागलं.

सुखाची बाजूही मनापासून सांगते. मक्का जेद्दापासून सुमारे ८० किलोमीटरवर. शुक्रवारच्या सुट्टीत उमरा करून रात्री घरी परत यायचं, हे भाग्य इथे बसून स्वप्नातही येत नाही. रमजानमध्ये शाळेची वेळ कमी होई आणि इफ्तारला शेजारच्या मलबारी भाभी एक ताट पाठवीत, खेडच्या कोकणी ताई दुसरं. त्या ताईंशी मराठीत दोन शब्द बोलले की दिवस हलका व्हायचा. इथल्या घराचा स्लॅब पडला, नणंदेचं लग्न कर्ज न काढता झालं. अल्हम्दुलिल्लाह, हे सगळं त्याच कमाईतलं. केळीच्या गावचे आम्ही तिथे फिलिपाईन्सची केळी किलोने विकत घ्यायचो, तेव्हा मात्र हसू यायचं. आता आपल्या रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी २०२१ मध्ये दुबईला गेली, तेव्हा त्या हसण्याची आठवण झाली.

आता दुसरी बाजू. सौदीत जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल फी सुरू झाली आणि ती दरवर्षी १०० रियालने वाढत २०२० मध्ये ४०० वर गेली. माझे पती तिथल्या एका कंपनीत हिशेबनीस. मी आणि दोन मुलं त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर. आम्हा तिघांचा पहिल्या वर्षाचा हिशेब ३,६०० रियाल, दुसऱ्या वर्षाचा ७,२००, तिसऱ्याचा १०,८००, चौथ्याचा १४,४००. इकाम्याचं नूतनीकरण करताना ही रक्कम आगाऊ भरायची. २०१८ मध्ये पाच टक्के व्हॅटही आला. पगार तोच, शाळेची फी भरायची, घरभाडं भरायचं. माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून कमी होऊ लागल्या. हजेरी घेताना एखादं नाव पुकारलं की बाकीच्या म्हणत, “मॅम, ती गेली.” एक वर्ष आम्ही ओढलं, दुसरं ओढलं. २०१९ मध्ये मी मुलांना घेऊन परत आले आणि पती तिथे एकटे राहिले. ज्या देशात आपण पाहुणे असतो तिथला एक नियम बदलला की घराचं सगळं गणित बदलतं. यात कुणाचा दोष नाही. तो त्यांचा मुलूख, नियमही त्यांचेच.

याहून जड गोष्ट वेगळी आहे. सासरे सकाळी दहाच्या सुमारास गेले. आपल्यात जनाजा थांबवत नाहीत, आणि थांबवूही नये. तिथे तेव्हा बाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा कंपनीमार्फत काढावा लागे. तो निघेपर्यंत दुपार, विमान रात्रीचं, मग मुंबई, मग भुसावळची गाडी. आम्ही पोहोचलो तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. २०२१ पासून हा व्हिसा कामगाराला स्वतःच ऑनलाईन मागता येतो, ही चांगली सुधारणा झाली. तरी अंतर तेवढंच राहतं. ज्यांचे अम्मी-अब्बा थकलेले आहेत त्यांनी जाण्याआधी हा विचार डोळे उघडे ठेवून करावा आणि आईवडिलांशीही बोलून घ्यावा.

मुलांचं सांगायचं तर माझा मुलगा इंग्रजी, उर्दू आणि कामापुरती अरबी घेऊन परत आला. मराठी त्याला ऐकून समजायची, वाचता यायची नाही. एसटीवरची पाटी वाचताना ‘भुसावळ’ मधल्या ‘ळ’ पाशी अडायचा. २०२० च्या कायद्याने आपल्या राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. सातवीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक घेऊन बसवताना त्याचा चेहरा पडायचा. दीड वर्ष गेलं त्यात. म्हणून तिथे असणाऱ्या बहिणींना सांगते, रोज रात्री अर्धा तास मुलांकडून मराठी वाचून घ्या. परतायचं तर शेवटी इथेच आहे. सौदीत कितीही वर्षं राहिलात तरी इकाम्याची मुदत संपते.

आता ज्यांनी जायचं ठरवलं आहे त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट नावाची. आपल्या खानदेशात शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ स्वतःच्या नावाआधी एकदा आणि वडिलांच्या नावाआधी पुन्हा एकदा लिहिलेलं असतं. पासपोर्टवर तेच शेवटी आडनाव होऊन बसतं. दहावीची सनद, पदवी, बी.एड. आणि पासपोर्ट यांवर नाव अक्षर न अक्षर एकच असेल असं आधी करून घ्या. व्हिसा आल्यावर ही धावपळ होत नाही.

दुसरी कागदांची. मूळ पदवी प्रमाणपत्रावर राज्य शासन आणि परराष्ट्र मंत्रालयाची पडताळणी लागते. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल मानू लागला आहे, त्यामुळे दूतावासाची फेरी वाचते. दुसऱ्या देशाचा नियम वेगळा असू शकतो, तो विचारून घ्या. नुसत्या गुणपत्रिकेवर काम होत नाही, म्हणून विद्यापीठातून पदवी वेळेवर काढून ठेवा.

तिसरी एजंटची. परदेशी नोकरी लावणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव तपासता येतं. त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. लाख-दीड लाख मागणाऱ्याला दारातूनच सलाम करा.

चौथी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट कराराची. सौदीत वाद झाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात, म्हणून अरबी जाणणाऱ्या आलिमसाहेबांकडून तो ओळीने वाचून घ्या. मूळ पगार किती आणि भत्ते किती, घर आणि तिकीट कुणाचं, सुट्टीतला पगार मिळणार की नाही, हे पाहा. नोकरी सुटताना मिळणारी रक्कम तिथल्या कायद्यात ठरलेली आहे. पहिली पाच वर्षं दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे दरवर्षी एका महिन्याचा. म्हणजे सात वर्षांचे साडेचार महिने. पण स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, पाच वर्षांपर्यंत त्याचा एक तृतीयांश, दहापर्यंत दोन तृतीयांश. सात वर्षांनी राजीनामा देणाऱ्याच्या हाती तीन महिन्यांचा पगार येतो. पतीच्या इकाम्यावर राहून तिथेच नोकरी धरणाऱ्या शिक्षिकांना बोलावून नेलेल्यांपेक्षा कमी पगारात ठेवलेलंही मी पाहिलं आहे. त्यांनी तर करार लेखी मागायलाच हवा.

लेखी मागायला आपल्याकडे संकोच वाटतो, समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. पण कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधली २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. लहान असो की मोठा, व्यवहार मुदतीसह लिहावा आणि साक्षीदार ठेवावेत, अशी तिची शिकवण. मग शाळेच्या व्यवस्थापकापुढे दोन कागद मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

त्या तिन्ही घरांना माझं सांगणं एकच आहे. जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एक कागद लिहावा. किती वर्षांसाठी जायचं, कोणत्या कामासाठी पैसा जमवायचा, इथल्या म्हाताऱ्या माणसांकडे कोण पाहणार आणि मुलांची शाळा कोणत्या इयत्तेला परत आणायची. मुदत आणि कारण ठरवून गेलेली माणसं सहसा समाधानाने परत येतात. नुसता पगाराचा आकडा ऐकून गेलेली दरवर्षी ‘अजून एक वर्ष’ म्हणत राहतात आणि इथे मुलं मोठी होऊन जातात. जे जातील त्यांना अल्लाह बरकत देवो, आणि जे इथेच शिकवत राहतील त्यांनाही.