रंगीत मेंदूमागचे निर्णय

निर्णय घेताना, घाबरताना किंवा प्रेमात पडल्यावर ‘मेंदूचा अमुक भाग उजळतो’ अशी बातमी आली, की सोबत लाल-पिवळ्या ठिपक्यांचा मेंदू हमखास छापलेला असतो. प्रत्यक्षात मेंदूत काहीच उजळत नाही. फंक्शनल एमआरआयचं यंत्र टिपतं ते रक्तातला प्राणवायू कमी-जास्त झाल्याने चुंबकीय संकेतात पडणारे फरक, तेही जेमतेम टक्का-दोन टक्क्यांचे. त्या गोंगाटातून रंगीत चित्र तयार होईपर्यंत आकड्यांवर किती तरी संस्कार होतात आणि प्रत्येक टप्प्यावर कुणी तरी काही तरी ठरवलेलं असतं. काय ठरवलं, हे वाचकाला कळत नाही. पुष्कळदा दुसऱ्या संशोधकालाही कळत नाही, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

‘नेचर’मध्ये २०२० साली आलेला एक प्रयोग मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. पैज घ्यायची की नाकारायची हे ठरवणाऱ्या १०८ जणांचे स्कॅन ७० चमूंना दिले आणि सगळ्यांना तेच नऊ प्रश्न विचारले. उत्तर फक्त हो किंवा नाही. दोन चमूंची पद्धत तंतोतंत जुळली, असं एकदाही घडलं नाही. एका प्रश्नाला ८४ टक्के चमूंनी होकार दिला, तीन प्रश्नांना जवळपास सगळ्यांनी नकार दिला. उरलेल्या पाच प्रश्नांवर मात्र २१ ते ३७ टक्के चमू ‘हो’ म्हणाले आणि बाकीचे ‘नाही’. माणसं तीच, स्कॅनही तेच!

असं का झालं? एक धागा ‘स्मूदिंग’चा. स्कॅनमधला मेंदू छोट्या छोट्या घनांत विभागलेला असतो. गोंगाट दबावा म्हणून प्रत्येक घनाचा आकडा आसपासच्या घनांत मिसळतात. किती मिलिमीटरपर्यंत मिसळायचं, ते संशोधक ठरवतो. फार मिसळलं तर अमिग्डालासारख्या बदामाएवढ्या भागात शेजारचा संकेत झिरपतो. या प्रयोगात अंतिम नकाशा जितका गुळगुळीत, तितकी ‘हो’ उत्तर येण्याची शक्यता जास्त होती.

डोक्याच्या हालचालीचा प्रश्न याहून नाजूक आहे. यंत्रात मूल अर्ध्या मिलिमीटरने जरी हललं, तरी जवळजवळच्या भागांमधलं नातं खोटंच घट्ट दिसतं आणि दूरच्या भागांमधलं सैल. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. त्यामुळे ‘वयाबरोबर मेंदूतल्या दूरच्या जोडण्या बळकट होतात’ या गाजलेल्या निष्कर्षातला काही भाग निव्वळ चुळबुळीचा होता. हे २०१२ साली दाखवणाऱ्यांत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला एक गट होता, आणि धक्का त्यांच्याच आधीच्या कामाला बसत होता. तरीही त्यांनी ते छापलं. विज्ञानावरचा माझा विश्वास अशा माणसांमुळे टिकून आहे.

दवाखान्यात गाठ किंवा रक्तस्राव शोधण्यासाठी काढलेला एमआरआय रेडिओलॉजिस्ट स्वतः डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे त्या रिपोर्टबद्दल लगेच धास्ती घेऊ नये. पण स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत मेंदूच्या भागांचं आकारमान सॉफ्टवेअरने मोजण्याची पद्धत आता येते आहे. तिथे सावध राहायला हवं. फ्रीसर्फर या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आणि जुन्या आवृत्तींनी तेच स्कॅन मोजले, तेव्हा आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला, असं २०१२ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. संगणक बदलल्यानेही फरक पडला, तो साधारण याच्या निम्मा. आजाराने मेंदू वर्षाकाठी काही टक्क्यांनीच आक्रसतो.

म्हणून प्रत्येक शोधनिबंधाबरोबर मूळ स्कॅन, त्यावर चालवलेला प्रोग्राम आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती उघड करणं आपल्या विद्यापीठांनी आणि नियतकालिकांनी सक्तीचं करावं. आणि घरातल्या आजी-आजोबांच्या मेंदूचं मोजमाप करून घेणाऱ्यांनी रिपोर्टवर सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती लिहून मागावी. पुढच्या वर्षीची मोजणी त्याच आवृत्तीवर होणार आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.