पानशेतला ‘पूर’ म्हणू नका

संपादक महोदय,


१२ जुलै जवळ आला की पानशेतच्या आठवणी छापून येतात. यंदाच्याही वाचल्या. पाणी कुठवर चढलं, कोण छपरावर बसून होतं, कुणी कुणाला दोराने वर ओढून घेतलं. सगळं खरं, आणि वाचताना आजही पोटात गलबलतं. पण पाणी मुळात आलं का, यावर एका लेखात ओळभरही मजकूर नाही. जणू पुण्यातल्या मुठा नदीला पूर येतोच, १९६१ साली जरा जास्त आला.

तो पूर नव्हता, धरणफुटी होती. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण तेव्हा पुरं झालेलंच नव्हतं. १९६२ साली व्हायचं काम रेटून एक पावसाळा आधीच पाणी अडवलं गेलं. धरणाखालून पाणी सोडायच्या मोरीचे दरवाजे नीट बसायचे होते. त्या मोरीवरचा भराव खचू लागला, तेव्हा आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो कसाबसा सावरला. सकाळी धरण गेलं. त्या लोंढ्यापुढे खाली ऐंशी वर्षं उभं असलेलं खडकवासल्याचं दगडी धरणही त्याच दिवशी फुटलं. चौकशी आधी न्यायमूर्ती बावडेकरांकडे होती. ती पुरी होण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला आणि पुढे न्यायमूर्ती नाईक आयोगाने काम संपवलं. पाणी कुठल्या चौकात किती होतं हे तोंडपाठ असणाऱ्या किती पुणेकरांना ही दोन नावं ठाऊक आहेत?

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी ओसरल्यावर ढोपरभर काळा चिखल होता. आई न बोलता तो घमेल्याने उपसत होती. तिसऱ्या दिवशी एक पितळी डबा सापडला. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की वडिलांनी ते बत्त्याने ठोकून काढलं. आत तांदूळ कोरडा ठणठणीत! तेव्हा आई पहिल्यांदा रडली.

वडिलांनी जिन्याच्या नवव्या पायरीशी भिंतीवर खिळ्याने रेघ ओढून तारीख कोरली. पुढे वाडा पाडून इमारत झाली, रेघ राडारोड्यात गेली. हळहळ वाटली, पण ती रेघही अर्धीच गोष्ट सांगायची: पाणी किती आणि कधी.

इतक्या वर्षांनी हे उकरून काय मिळणार, असं कुणी म्हणेल. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. माणसं घरांसकट वाहून गेली, आणि मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. अख्खा महाराष्ट्र हसला. मला हसू आलं नाही. आपण साठ वर्षं पावसाला धरलं, त्यांनी खेकडे धरले, एवढाच काय तो फरक. (खेकडे निदान बीळ तरी करतात.)

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या १२ जुलैला आठवणींच्या जोडीला एक पान नाईक आयोगाच्या अहवालाला द्यावं, सोप्या मराठीत. जुन्या पेठांमध्ये जिथे जिथे पाण्याच्या पातळीची खूण शिल्लक असेल, तिथे महापालिकेने पाटी लावावी आणि तिच्यावर ‘पानशेत धरणफुटी’ असंच लिहावं. ‘महापूर’ नको.

चौकशीच्या बातम्यांची कात्रणं वडिलांनी एका ट्रंकेत ठेवली होती. पिवळी पडलीत, पण वाचता येतात. आपला माणूस पाठवलात तर दाखवीन. दुपारी एक ते चार सोडून.

आपला,
एक जुना वाचक, नारायण पेठ, पुणे