कॅरिबू स्ट्रीट : बॅन्फच्या निमित्ताने

मराठी प्रवासवर्णनात परदेशातला डोंगर आला की त्याच्या पायथ्याचे गाव बहुधा नाहीसे होते. उरतात ती हिमशिखरे, सरोवर, सूचिपर्णी वृक्षांच्या रांगा आणि लेखकाचे स्तिमित होणे. गाव आलेच तर दोन वाक्यांपुरते येते. एक तिथल्या महागाईविषयी, दुसरे दुकानदारीने निसर्गाची शांतता कशी भंगली याविषयी. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाची जी मराठी वर्णने आजवर आमच्या वाचनात आली, त्यांची तऱ्हा हीच. कॅलगरीला मुलामुलींकडे चार-सहा महिने राहायला गेलेली मंडळी सव्वाशे किलोमीटरवरच्या बॅन्फला जातातच, आणि परतल्यावर त्यांतली काही लिहितात. ते लिहिणे मनापासूनचे असते, याबद्दल शंका नाही. पण ‘मानवी स्पर्श न झालेला निसर्ग’ हा शब्दप्रयोग त्यात इतक्या सहजपणे येतो की तो पाहिलेल्या डोंगरातून आला की आधी वाचलेल्या पुस्तकातून, असा प्रश्न पडावा.

गेल्या सप्टेंबरात आम्ही आठवडाभर त्या गावी होतो. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो : बॅन्फमध्ये वाचण्याजोगा मजकूर आधी गावात आहे, मग डोंगरात. गाव ओलांडून थेट सरोवराकडे धावणारा प्रवासलेखक पुस्तकाचे पहिले प्रकरण गाळून दुसऱ्यावर अभिप्राय देत असतो.

गाव लहान आहे. २०२१च्या जनगणनेत तिथली वस्ती ८,३०५ भरली. उलट उद्यानाला आता वर्षाकाठी चाळीस लाखांहून अधिक माणसे भेट देतात. मुख्य रस्ता बॅन्फ ॲव्हेन्यू, आणि आजूबाजूच्या रस्त्यांना प्राण्यांची नावे : अस्वल, लांडगा, मूस, लिंक्स, बीव्हर, पाणमांजर. पहिल्या दिवशी हे सारे बालवाडीच्या रंगवलेल्या भिंतीसारखे गोजिरवाणे वाटते. मग कॅरिबू स्ट्रीटची पाटी दिसते. कॅरिबू हे उत्तरेकडचे हरीण. उद्यानातल्या कळपात अखेर पाचच जनावरे उरली होती आणि २००९ साली ती हिमप्रपातात गेली. तेव्हापासून बॅन्फमध्ये कॅरिबू नाही, कॅरिबू स्ट्रीट मात्र आहे. बफेलो स्ट्रीटची कथा उलटी. एकोणिसाव्या शतकात इथला रानटी बायसन संपला होता. २०१७ साली एल्क आयलंड उद्यानातून सोळा बायसन आणून दूरच्या खोऱ्यात सोडले गेले. मधल्या काळात रस्त्याची पाटी त्याची आठवण वाहत होती. भाषेच्या विद्यार्थ्याला शब्द आणि वस्तू यांचे नाते शिकवायला याहून सोपा धडा आम्हांला ठाऊक नाही.

या गावाचा कायदाही चमत्कारिक आहे. जमीन संघराज्याची, माणसाच्या मालकीचे होते ते फक्त घर, खालची जागा भाडेपट्ट्याने. शिवाय तिथे काम वा व्यवसाय असल्याखेरीज, किंवा तसे करणाऱ्याच्या कुटुंबात असल्याखेरीज, कोणाला राहता येत नाही. सुट्टीपुरता बंगला बांधून दहा महिने कुलूप लावण्याची सोय नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या ‘सेकंड होम’च्या जाहिराती रविवारच्या पुरवणीत पाहणाऱ्या मराठी वाचकाला या एका नियमावर स्वतंत्र लेख वाचायला आवडला असता. तो कोणी लिहिल्याचे आम्हांला आढळले नाही. तसेच त्या गावात खाटा आवरणारी, कप विसळणारी, बसच्या रांगा लावणारी माणसे कोण, हेही नाही. फिलिपिन्समधून आलेल्या बायका, ऑस्ट्रेलियातून नि क्वेबेकमधून मोसमापुरती आलेली तरुण पोरे, पंजाबी मुले. एकेका खोलीत दाटीने राहून ती गाव चालवतात. ती सरोवराच्या छायाचित्रात येत नाहीत, म्हणून बहुधा वर्णनातही येत नाहीत.

आता ‘स्पर्श न झालेला’ या विशेषणाकडे वळू. १८८३ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या कामावरचे तिघे जण इथल्या गंधकाच्या उन्हाळ्यांपाशी पोचले आणि त्या गुहेवर हक्क सांगू लागले. हक्काचे भांडण चिघळले तेव्हा सरकारने नोव्हेंबर १८८५मध्ये झऱ्यांभोवतीची सुमारे २६ चौरस किलोमीटर जागा राखून ठेवली. आजच्या ६,६४१ चौरस किलोमीटरच्या उद्यानाचे बीज हे. अरण्य वाचवण्याची कळकळ त्यात नव्हती. स्नानगृहाचे उत्पन्न कोणाचे, हा मुद्दा होता. रेल्वे कंपनीला डोंगर ओलांडायला अतोनात खर्च आला होता आणि गाड्या भरायला उतारू हवे होते. म्हणून १८८८मध्ये कंपनीने बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेल उघडले. गावाचे नावसुद्धा कंपनीच्या घरातले : तिचा पहिला अध्यक्ष जॉर्ज स्टीफन स्कॉटलंडच्या बॅन्फशायर परगण्यात जन्मला होता. त्या हॉटेलची एक कथा अजून सांगतात. बांधकामात नकाशा उलटा धरला गेला आणि नदीखोऱ्याचे सर्वोत्तम दृश्य स्वयंपाकघराच्या वाट्याला आले. कंपनीचे व्हॅन हॉर्न साहेब पाहणीस आले तेव्हा भडकले आणि पाहुण्यांसाठी त्या बाजूला वेगळा मंडप बांधायला लावला. कथा कितपत खरी, हा भाग निराळा. पण काही काळ का होईना, ते दृश्य आचाऱ्यांनी पाहिले असेल ही कल्पना आम्हांला सुखावून गेली.

याच उद्यानाच्या आत १९०३ ते १९२२ या काळात बँकहेड नावाचे खाणगाव होते, हेही फारसे सांगितले जात नाही. कॅस्केड पर्वताच्या पायथ्याशी रेल्वेच्या कंपनीने कोळसा काढला. खाण बंद पडल्यावर घरे उचलून नेली गेली. आता तिथे पडके पाये आहेत आणि कोळशाच्या चुऱ्याचे ढीग. पर्यटकांची गर्दी तिकडे थोडी कमी.

आणि माणसे होतीच. स्टोनी नकोडा लोक या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत, झऱ्यांना पवित्र मानीत. १८७७च्या सातव्या तहानंतर त्यांना मॉर्लीच्या राखीव जमिनीवर वसवले गेले आणि उद्यान झाल्यावर त्यांच्या शिकारीवर बंदी आली. शिकार हौसेने करणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांना आपले जनावर उरावे, हे त्यामागचे एक कारण होते. पुढची गोष्ट आम्हांला अधिक अस्वस्थ करते. ज्यांना अरण्यातून बाहेर ठेवले त्यांनाच १८९०च्या दशकापासून ‘बॅन्फ इंडियन डेज’ नावाच्या वार्षिक सोहळ्यासाठी पिसांच्या टोपांसह गावात बोलावले जाऊ लागले. तंबू, नाच, घोड्यांच्या शर्यती. हे १९७८पर्यंत चालले. त्याचा अर्थ एकेरी नाही, एवढे मात्र नोंदवले पाहिजे. नकोडा कुटुंबांना त्या दिवसांत आपल्या जुन्या खोऱ्यात उतरता येई, भेटीगाठी होत, आणि म्हणून ते येत. पाहुणे पाहत होते ते आणि येणारे जगत होते ते, अशा दोन गोष्टी एकाच मैदानावर चालू होत्या.

नावांचा विषय तर आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोरेन सरोवराभोवती दहा शिखरांची रांग आहे. कॅनडाच्या वीस डॉलरच्या जुन्या नोटांवर, म्हणजे १९६९ आणि १९७९च्या मालिकांवर, तेच दृश्य छापलेले असे. १८९४ साली सॅम्युएल ॲलन या अमेरिकी गिर्यारोहकाने त्या शिखरांना स्टोनी भाषेतले एक ते दहा हे आकडेच नावे म्हणून दिले. पाचव्याचे नाव ‘साप्ता’ होते. संस्कृताच्या संस्कारात वाढलेल्या आमच्यासारख्यांची मोजणी तिथे हमखास दोनने चुकते. नावे देण्याची ही रीत आदराची की आळसाची, याचा निर्णय अवघड आहे. आकडा का असेना, तो तिथल्या लोकांच्या तोंडचा होता. पुढे एकेक आकडा पुसला गेला. पहिले शिखर एका प्राध्यापकाचे झाले, तिसरे अल्बर्टा प्रांताच्या एका नायब राज्यपालांचे, पाचवे स्विस वाटाड्याचे, आणि सहावे खुद्द ॲलन यांचे. आज चार, नऊ आणि दहा एवढेच मूळ रूपात आहेत : टोन्सा, नेप्चुआक, वेंकचेम्ना.

कॅसल पर्वताचे तर त्याहून विचित्र. दुसऱ्या महायुद्धाच्या विजयोत्साहात १९४६ साली त्याचे नाव माउंट आयझेनहॉवर ठेवले गेले. लोकांच्या नाराजीनंतर १९७९मध्ये जुने नाव परत आले आणि सेनापतींच्या वाट्याला एक सुळका उरला. मात्र त्याच पर्वताच्या पायथ्याशी १९१५ ते १९१७ या काळात नजरकैद्यांची छावणी होती. ऑस्ट्रिया-हंगेरीचे प्रजाजन म्हणून पकडलेले, बहुतांशी युक्रेनी मजूर तिथे तंबूंत ठेवले होते. लेक लुईझकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम त्यांच्याकडून करून घेतले गेले. आज मोटारीतून आपण ज्या देखाव्याला दाद देतो, त्या देखाव्यापर्यंतच्या वाटेवर त्यांचे हात लागलेले आहेत. ‘मानवी स्पर्श न झालेला’ हे विशेषण तिथे उच्चारवत नाही.

लेक लुईझविषयी लिहिताना मराठी लेखक ‘पाचू’ हा शब्द टाळू शकत नाही. त्यात त्याचा दोष थोडा आहे. पाण्याचा रंग तसा आहे खरा. हिमनदीने दळलेले खडकाचे पीठ पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाश विखुरते, म्हणून तो रंग. पण हा शब्द आपल्याआधी तिथे पोचला होता. १८८२ साली एडविन हंटर या नकोडा वाटाड्याने टॉम विल्सन नावाच्या रेल्वेच्या माणसाला सरोवरापाशी नेले आणि विल्सनने त्याला ‘एमराल्ड लेक’ म्हटले. दोन वर्षांनी ते व्हिक्टोरिया राणीच्या कन्येच्या नावे झाले. हंटरच्या भाषेत त्या पाण्याचे नाव ‘लहान माशांचे सरोवर’ या अर्थाचे होते. विल्सनला रंग दिसला, दरबाराला राजकन्या दिसली, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्यांना मासे दिसले होते. यांतले कोणते नाव पाण्याच्या जवळ जाते? वर्गात हा प्रश्न टाकून पाहावा, अशी शिक्षक मित्रांना आमची सूचना आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. इतका इतिहास डोक्यात घेऊन डोंगराकडे पाहायचे, तर आनंद कधी घ्यायचा? शिवाय उद्यान झाले नसते तर बँकहेडसारख्या आणखी खाणी झाल्या नसत्या कशावरून? हे दुसरे म्हणणे आम्हांला मान्य आहे. या उद्यानाने नंतर खरोखर शिकून घेतले. महामार्गावर जनावरांसाठी सहा पूल आणि अडतीस भुयारी वाटा बांधल्या गेल्या, कुंपण घातले, आणि गाड्यांखाली मरणाऱ्या वन्य पशूंचे प्रमाण ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. गावातल्या व्यापारी बांधकामाला मर्यादा घातली. २०२३पासून मोरेन सरोवराच्या रस्त्यावर खासगी मोटारी बंद आहेत. आम्हीही बसच्या रांगेतून गेलो. लार्चची झाडे त्या आठवड्यात पिवळी होत होती आणि आमच्या आनंदात काही उणे नव्हते. नावे ठाऊक असल्याने झाडे कमी पिवळी दिसत नाहीत.

प्रश्न आनंदाचा नाही, गद्याचा आहे. मराठीत रानाविषयीचे चांगले गद्य नाही असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आहे; मारुती चितमपल्लींनी तर वनखात्याच्या नोकरीत आदिवासींकडून पाखरांची, झाडांची नावे मिळवून ती कोशात बसवली. आपल्या रानात शिरताना कोणाला विचारायचे, हे ज्या भाषेला कळते ती परदेशच्या डोंगरासमोर एकदम माहितीपत्रकाची भाषा का बोलू लागते? आमचा तर्क असा की तिथे आपण पाहुणे असतो आणि पाहुण्याने चौकशा करू नयेत अशी आपली समजूत आहे. महाबळेश्वरचे ‘पॉइंट’ साहेबांच्या नावांनी ओळखताना ही सवय आपल्याला घरीच लागलेली आहे.

बॅन्फच्या पूर्वेला एक बुटका डोंगर आहे, टनेल माउंटन. रेल्वेच्या मोजणीदारांनी त्यातून बोगदा काढायचे योजले होते. मग बाजूने सोपी वाट सापडली आणि बोगदा कधी खणलाच गेला नाही. नाव मात्र चिकटले. त्याच डोंगराच्या उतारावर १९३३ साली सुरू झालेली कलासंस्था, बॅन्फ सेंटर, आहे. जगभरचे लेखक तिथे येऊन लिहीत बसतात. नकोडा लोक त्या डोंगराला निजलेला बायसन म्हणतात. योग्य बाजूने पाहिले तर त्याची पाठ आणि खाली टेकलेले डोके स्पष्ट दिसते. आम्हांला ते चौथ्या दिवशी दिसले, तेही गावातल्या एका दुकानदार बाईंनी बोट दाखवल्यावर.