लेसरचा प्रोटॉन आणि रुग्णाची वेळ

‘लेसरने कर्करोगावर मात’ अशा अर्थाची बातमी अधूनमधून वाचनात येते. ती अगदीच खोटी नसते. पण प्रयोगशाळा आणि रुग्णाची खाट यांच्यातले अंतर तिच्यात क्वचितच सांगितलेले असते. ते ठाऊक नसले, की हाताशी असलेला उपचार पुढे ढकलण्याचा मोह होतो.

प्रोटॉन-उपचाराचे मोल मोठे आहे. क्ष-किरण गाठीपर्यंत पोहोचतात आणि पलीकडच्या निरोगी भागातूनही जातात. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर सर्वाधिक ऊर्जा देऊन थांबतो. लहान मुलांच्या मेंदूतील गाठींसाठी हा फरक फार महत्त्वाचा असतो. अडचण आहे ती यंत्रणेच्या आकाराची आणि खर्चाची. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३ पासून हा उपचार मिळू लागला, पण त्यासाठी सायक्लोट्रॉन, काँक्रीटच्या जाड भिंती आणि रुग्णाभोवती फिरणारा अजस्र सांगाडा उभारावा लागला.

लेसरची वाट वेगळी आहे. अतिपातळ पापुद्र्यावर काही फेम्टोसेकंदांचा प्रचंड तीव्र झोत टाकतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. त्या क्षणात अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि दाट प्लाझ्मा तयार होतो. प्रकाश त्यात खोल शिरू शकत नाही, आरशावरून परतावा तसा बराचसा परततो. पण पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांना तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने आत ढकलतो. ते मागच्या बाजूने बाहेर पडतात आणि तिथे दर मीटरला लाख कोटी व्होल्टच्या घरातले विद्युतक्षेत्र निर्माण होते. या ओढीने पापुद्र्याला मागून चिकटलेल्या ओलाव्यातले आणि तेलकट थरातले प्रोटॉन सुसाट सुटतात.

अमेरिकेतील लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत २००० मध्ये अशा प्रोटॉनांची ऊर्जा ५८ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत गेली. जर्मनीत ड्रेस्डेन येथे २०२२ मध्ये उंदरांवरील गाठींना लेसरच्या प्रोटॉनांनी नेमकी मात्रा देता आली आणि २०२४ मध्ये ऊर्जा १५० पर्यंत पोहोचली. उपचारासाठी साधारण ७० ते २३० लागते. म्हणजे मजल जवळ आली असे वाटेल. पण १५० हा आकडा सर्वांत वेगवान, मोजक्या प्रोटॉनांचा आहे. बाकीचे कमी-अधिक ऊर्जेचे असतात, म्हणून वेगवेगळ्या खोलीवर थांबतात. रुग्णाला मात्र प्रत्येक झोतात तीच ऊर्जा आणि तीच मात्रा मिळायला हवी. इथे चूक म्हणजे गाठ सुटणे आणि निरोगी मज्जारज्जू भाजणे.

म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी व्हायला हव्यात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही तीव्र लेसर आणि प्लाझ्मा यांचा अभ्यास अनेक वर्षे चालू आहे. अशा कामाला ‘रुग्णाला उद्या काय मिळणार’ असे न विचारता पैसा मिळाला पाहिजे. त्याच वेळी जिल्ह्याजिल्ह्यांत साधी किरणोपचार यंत्रे, ती चालवणारे तंत्रज्ञ आणि वेळेवर निदान यांवरचा खर्च थांबता कामा नये. आज गाठ सापडलेल्या रुग्णाने उद्याच्या लेसरची वाट पाहू नये. विज्ञान सावकाश चालले तरी चालते, गाठ थांबत नाही.