फावल्या वेळचे उद्योग : मापाचें माप

तराजू सोनें तोलतो. पण तराजू कोणीं तोलावा? हा प्रश्न थट्टेचा नव्हे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, दुसऱ्या अध्यायांत, प्रमाणांची परीक्षा चालली असतां हाच विचार निघाला आहे. ज्ञानाचें जें साधन, तेंच ज्ञानाचा विषय कसें होणार, या शंकेला सूत्रकारांनीं तराजूचा दृष्टान्त दिला. सोन्याचें वजन ठरवितांना तराजू प्रमाण असतो. परंतु त्याच्याविषयींच संशय आला, तर ज्याचें वजन आधीं ठरलें आहे असें सोनें पारड्यांत घालून त्याची परीक्षा करितात, आणि तेव्हां तोच तराजू प्रमेय होतो. मग पूर्वपक्षी अनवस्थेचा आक्षेप काढतो. एका साधनास पारखावयास दुसरें, दुसऱ्यास तिसरें, याला शेवट कोठें? त्यावर दिव्याच्या प्रकाशाचा दृष्टान्त येतो. तो वाद येथें वाढवीत नाहीं. शाळेंत असतांना हा तराजू मीं फळ्यावर कितीदां तरी काढला. परंतु निवृत्तीनंतर जुनीं विद्युन्मापक यंत्रें दुरुस्त करण्याचा नाद लागला, तेव्हांपासून तो रोज माझ्या टेबलावर उभा असतो.

मुंबईहून कलकत्त्यास जाणारा महामार्ग आणि गोंदियाकडील रस्ता जेथें मिळतात, तें आमचें कोहमारा. रात्रंदिवस मालमोटारींची वर्दळ, त्यामुळें गाड्यांची वायरिंग दुरुस्त करणारीं दुकानें आणि भंगारवाले यांना तोटा नाहीं. या भंगारांत कधीं अंबाल्याच्या बनावटीचा शाळेच्या प्रयोगशाळेंतील गॅल्व्हानोमीटर निघतो, कधीं काट्याचा मल्टिमीटर, कधीं रेडिओ-दुरुस्तीचा सिग्नल जनरेटर, आणि फार दिवसांनीं एखादा ऑसिलोस्कोप. भंगारवाल्यास त्यांतील तांबें दिसतें. चार रुपये अधिक देऊन मी पेटी उचलतों. ओळखीचा एक वायरिंगवाला तरुण मध्येंच डोकावतो आणि विचारतो, "गुरुजी, याच्यात जीव हाय का?" जीव आहे कीं नाहीं हें अर्ध्या घटकेंत कळतें. हें यंत्र खरें बोलतें कीं नाहीं, हें कळावयास मात्र कधीं कधीं पंधरा दिवस लागतात.

पहिला प्रश्न घरांतूनच येतो. दोनशें-तीनशें रुपयांत आंकडे दाखविणारा नवा मीटर मिळत असतां हीं जुनीं धुडें कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि जुनें तें सोनें हें त्याचें उत्तर नव्हे. पुष्कळ जुनें निव्वळ लोखंड असतें. खरें कारण निराळें आहे. चांगल्या जुन्या काट्याच्या मीटरचा रोध दर व्होल्टास २०,००० ओहम असे. म्हणजे १० व्होल्टांच्या पट्टीवर तो २,००,००० ओहमांचा होतो. आजच्या आंकड्यांच्या मीटरचा रोध बहुधा १ कोटि ओहम असतो. ज्या जागेचा दाब मोजावयाचा, तिच्या मागें जर २,००,००० ओहमांचा रोध असेल, तर जुना मीटर लावतांच दाब निम्म्यावर येतो, आणि नवा मीटर जवळजवळ पूर्ण दाब दाखवितो. नवा अधिक खरा, यांत शंका नाहीं. परंतु जुन्या रेडिओच्या नकाशावर जे दाबाचे आंकडे छापलेले असतात, ते त्या काळच्या मीटरनेंच घेतलेले असतात. त्या नकाशाशीं ताडून पाहावयाचें, तर मापही त्याच जातीचें हवें. शेराच्या हिशेबाची वही किलोच्या वजनानें वाचून कशी चालेल?

याची दुसरी बाजू घरोघरीं अनुभवास येणारी आहे. वाहत्या तारेशेजारून गेलेली, पण कोठेंच न जोडलेली तार नव्या मीटरनें पाहावी, तर तो कधीं ४०, कधीं ९० व्होल्ट दाखवितो. शेजारच्या तारेची ती नुसती छाया असते. काट्याचा मीटर त्या तारेवर शून्याजवळच राहतो, कारण त्याच्या स्वल्प भारानेंही ती छाया विरून जाते. वायरिंगवाले अशा छायेला भुलून भिंती फोडतात.

या जातीच्या मीटरांचा मूळ पुरुष म्हणजे इंग्लंडमधील ॲव्हो. डोनाल्ड मॅकेडी नांवाच्या तेथील टपाल खात्यांतील अभियंत्यास प्रवाहाचा, दाबाचा व रोधाचा असे निरनिराळे मापक वागवावयाचा कंटाळा आला, आणि त्यानें तिन्ही एका पेटींत आणिले. १९२३ सालीं तो मीटर बाजारांत आला. अँपिअर, व्होल्ट व ओहम यांचीं आद्याक्षरें मिळून त्याचें नांव झालें. त्याचा आठवा नमुना १९५१ पासूनचा, आणि हें कुळ २००८ पर्यंत तयार होत होतें. काटा जोरानें आपटूं लागला तर खटका आपोआप सुटून प्रवाह तोडणारी योजना त्यांत आहे. मोठे रोध मोजण्यास आंत १५ व्होल्टांची लहान बॅटरी लागते. ती आतां सहजासहजीं मिळत नाहीं, म्हणून बारीक घड्या एकावर एक रचून काम भागवावें लागतें.

आपल्याकडे मोटवाने हें नांव अशा मीटरांवर दिसतें. या घराण्याचा उद्योग १९०९ सालीं सिंधमध्यें सक्कर येथें सुरू झाला, कराचीवरून मुंबईस आला आणि शिकागो रेडिओ या नांवानें सभांच्या ध्वनिक्षेपकांसाठीं गाजला. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यांत उषा मेहता यांच्याबरोबर नानक मोटवाने हेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले. पुढें या मंडळींचा कारखाना नाशिकास झाला, आणि तेथील मल्टिमीटर देशभर पसरले. ठाण्यास १९६२ सालीं ॲप्लॅब निघाली. या पेट्या माझ्या टेबलावर येतात तेव्हां त्यांतील डाख पाहून मला आनंद होतो. कोणा अनामिक कामगारानें तें काम मन लावून केलेलें असतें.

आतां प्रत्यक्ष दुरुस्तीविषयीं. काट्याच्या मीटरचे मुख्य शत्रु दोन, आणि आमच्याकडे ते ऋतूप्रमाणें पाळी घेतात. वैशाखांतल्या कोरड्या उन्हांत प्लास्टिकची कांच सुक्या फडक्यानें पुसली, कीं तिच्यावर विद्युत् सांचते आणि काटा मधल्या मध्यें चिकटून राहतो. पुष्कळ जण अशा वेळीं मीटर मोडला म्हणून टाकून देतात. साबणाच्या अगदीं पातळ पाण्याचा ओला हात कांचेवरून फिरविला तर काटा पुनः मोकळा होतो. श्रावणांत उलट. धानाच्या बांध्यांत पाणी तुंबलेलें, हवेंत ओल, आणि पट्ट्या बदलणाऱ्या फिरत्या खटक्याची चकती ती ओल पिते. मग दोन्ही टोकें हवेंत मोकळीं असूनही मोठ्या रोधाच्या पट्टीवर काटा हलतो. ही चकती घासूं नये. शुद्ध स्पिरिटानें धुवून, दिव्याच्या मंद उबेंत दोन दिवस ठेवावी. लोखंडाचा कीस हा बारमाही वैरी. चुंबकाच्या फटींत एक कण गेला तरी काटा अडतो. म्हणून जेथें कानस चालते तेथें मीटर उघडूंच नये. गेलेला कण चिकटपट्टीच्या टोकानें उचलून घ्यावा, फुंकर मारूं नये.

व्हॉल्व्हच्या यंत्रांची रीत निराळी. तीस-चाळीस वर्षें पडलेलें यंत्र एकदम घरच्या २३० व्होल्टांस जोडणें म्हणजे लंघन करून उठलेल्या माणसास पुरणपोळी वाढणें. त्याच्यापुढें ६० वॅटचा जुन्या तऱ्हेचा तारेचा दिवा रांगेंत जोडावा. दिवा लखकन पेटून तसाच राहिला, तर आंत कोठें तरी प्रवाह आडवा जात आहे असें समजून तत्काळ बंद करावें. क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढें जाण्यास हरकत नाहीं. मेणकागदाचे कंडेन्सर बहुधा सर्वच बदलावे लागतात, कारण त्यांचा निरोधकपणा गेलेला असतो. विद्युद्रसाचे कंडेन्सर कांहीं वेळां हळूहळू दाब वाढवीत पुनः कामास येतात. परंतु फुगलेला कंडेन्सर दयामाया न करतां काढावा. कोळशाचे जुने रोध वयाबरोबर वाढतात, म्हणून त्यांच्यावरच्या रंगांवर विश्वास न ठेवतां ते मोजावे.

घरांत मुलें असतात म्हणून दोन गोष्टी स्पष्टच सांगतों. ऑसिलोस्कोपच्या नळीस हजारों व्होल्टांचा दाब असतो, आणि तो खटका बंद केल्यावरही कंडेन्सरांत टिकून राहतो. आंत काम करतांना एक हात पाठीमागें ठेवावा आणि सांचलेला दाब मोठ्या रोधांतून उतरवावा. एकट्यानें रात्रीं हें काम करूं नये. दुसऱ्या महायुद्धांतील कांहीं मापकांच्या तबकड्यांवर अंधारांत चमकणारा रेडियमचा रंग आहे. त्याची चमक गेली तरी त्याचें विष जात नाहीं. असा मीटर उघडूं नये, खरवडूं नये, आणि मुलांच्या हातीं तर मुळींच देऊं नये.

इतकें झालें म्हणजे यंत्र चालूं लागतें, आणि येथेंच पुष्कळांचें समाधान होतें. माझें होत नाहीं. बंद मीटर कोणाचें वाईट करीत नाहीं. खोटें बोलणारा मीटर जीव घेतो. मीटरची टोकाची तार आंतून तुटलेली असली, तर वाहत्या तारेवरही काटा शून्यावरच राहतो, आणि शून्य पाहून माणूस हात घालतो. म्हणून जाणते वायरमन एक नियम पाळतात : आधीं निश्चित वाहत्या जागेवर मीटर लावून तो बोलतो हें पाहावें, मग शंकेच्या तारेवर लावावा, आणि शून्य आलें तर पुनः त्या निश्चित जागेवर लावून पाहावा. न्यायशास्त्र न वाचलेला वायरमन सोनें घालून तराजू पारखतो तो असा. हेंही सांगितलें पाहिजे कीं, जुना मीटर टेबलावरचा आहे. शेतांतल्या पंपाच्या पेटीवर त्यास नेऊं नये. आंत भडका झाला तर हात वांचविणारी आजची योजना त्यांत नाहीं.

मग टेबलावरच्या मीटरास पारखावयाचें सोनें कोणतें? एके काळीं तें वेस्टनच्या कॅडमियम घटाचें होतें. २० अंश उष्णतेस त्याचा दाब १.०१८३ व्होल्ट भरतो, आणि १९११ पासून १९९० पर्यंत जगानें तोच प्रमाण मानिला. त्यांतून प्रवाह काढावयाचा नाहीं, आणि तो आडवा करावयाचा नाहीं, इतकें त्याचें सोवळें! १९९० पासून जोसेफसन-परिणामावर व्होल्ट बसविला गेला, आणि २० मे २०१९ पासून तर व्होल्ट निसर्गाच्या ठराविक स्थिरांकांवरच उभा आहे. अनवस्थेची साखळी कोठें तरी थांबावी लागते. ती आतां कोणा एका घटापाशीं न थांबतां तेथें थांबते. आमच्यासारख्यांस तेथपर्यंत जावयाचें कारण नाहीं. अर्धसंवाहकाचा एक लहान तुकडा थोड्या रुपयांत १० व्होल्टांचा पुष्कळ स्थिर दाब देतो, तोच माझा सोन्याचा मणी. सिग्नल जनरेटरासाठीं नागपूर आकाशवाणीची ५८५ किलोहर्ट्झची लहर पुष्कळ वर्षें कामास आली. जनरेटरची लहर तिच्याजवळ आणावी, रेडिओंत शीळ वाजते. शीळ उतरत उतरत नाहींशी झाली कीं दोन्ही लहरी जुळल्या. कान हाच तेथें तराजूचा कांटा.

पट्टीवर छापलेली शेकडा २ ची चूक ही पूर्ण पट्टीची असते, हें विसरूं नये. १०० व्होल्टांच्या पट्टीवर तिचा अर्थ २ व्होल्ट होतो. त्याच पट्टीवर १० व्होल्ट मोजले, तर ती चूक शेकडा २० झाली. म्हणून काटा नेहमीं पट्टीच्या उजव्या बाजूस येईल अशी पट्टी निवडावी.

जुन्या कारागिरांची दृष्टि कशी होती, याच्या दोन गोष्टी सांगण्याचा मोह आवरत नाहीं. अमेरिकेंत १९३९ सालीं ह्युलेट व पॅकार्ड या जोडीनें ध्वनिलहरी उत्पन्न करणारें यंत्र केलें. लहर आपोआप एका उंचीवर राहावी म्हणून त्यांनीं मोठी योजना न करतां आंत एक साधा लहान दिवा घातला. लहर वाढली कीं दिव्याची तार तापून तिचा रोध वाढतो आणि लहर खालीं येते. दुसरी गोष्ट टेक्ट्रॉनिक्सची. त्यांच्या ऑसिलोस्कोपांत चिनी मातीच्या पट्ट्यांवर भाग बसविलेले असत, आणि साधें कथील लाविल्यास पट्टीवरची चांदी त्यांत विरघळून जाई. म्हणून चांदीमिश्रित डाखाची एक लहान गुंडाळी ते यंत्राच्या आंतच अडकवून देत, उद्यां कधीं तरी दुरुस्ती करणाऱ्या कोणा अपरिचितासाठीं. असें यंत्र उघडलें आणि ती गुंडाळी अर्धी संपलेली दिसली, कीं आपल्या आधीं कोणी तरी येथें बसला होता हें कळतें.

म्हणून माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक पेटीच्या आंत एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तींत दिनांक, कोणते भाग बदलले तें, कशाशीं ताडून पाहिलें तें, आणि कोणत्या पट्टीवर किती अंतर पडलें तें लिहिलेलें असतें. जी पट्टी शेवटपर्यंत जुळली नाहीं, तिच्यावर बाहेरून लाल ठिपका देतों. तो वायरिंगवाला तरुण गेल्या महिन्यांत एक मीटर घेऊन गेला. त्याच्यावर दोन लाल ठिपके आहेत.