तपास अधिकारी बदलायला मोर्चाच का लागतो?

"तपासात लोकांनी ढवळाढवळ करू नये, कायदा आपले काम करील." निवेदन घेऊन गेलो की हे वाक्य आम्हाला हमखास ऐकवले जाते. आमचा साधा प्रश्न आहे : पुढाऱ्याचा फोन जातो तेव्हा ती ढवळाढवळ नसते आणि वस्तीतली माणसे रस्त्यावर आली की तेवढी ती होते का? फोनची नोंद कुठेच राहत नाही. आमचे निवेदन निदान सही-शिक्क्याचे असते.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आंबेडकरी जनतेने रस्त्यावर उतरून लाठ्या खाल्ल्या, तेव्हा नोव्हेंबरात तपास सीबीआयकडे गेला. तरीही २००८च्या निकालात सत्र न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. पहिल्या दिवसांत बुडालेला तपास पुढे मोठ्या यंत्रणेकडे दिल्याने भरून निघत नाही, हा आम्ही घेतलेला धडा.

आपल्या मराठवाड्यातच बघा. डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. लोक उसळले म्हणून एसआयटी आली. तिच्यातल्या काही पोलिसांच्या आरोपीशी असलेल्या जवळिकीवर बोट ठेवले गेले, म्हणून जानेवारीत पथकच बदलावे लागले. त्याच डिसेंबरात परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशींचा कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा म्हणून त्यांच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. जुलै २०२५मध्ये तसा आदेश झाला, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले.

लोकदबाव हवाच. पण निलंगा तालुक्यातल्या एखाद्या गावात आपली चारच घरे असतील, तर त्यांनी मोर्चा कुठून आणायचा? गर्दी आरोपीच्या बाजूनेही जमते, आणि आपल्यापेक्षा मोठी जमते. डोकी मोजून तपास ठरू लागला तर आपण कायमचे हरलो.

म्हणून गर्दीच्या आधी कायदा वापरा. अ‍ॅट्रॉसिटी नियम १९९५चा नियम ७ सांगतो की तपास अधिकारी डीवायएसपी दर्जाच्या खालचा नसावा, आणि त्याचा पूर्वानुभव, क्षमता व न्यायबुद्धी पाहून त्याची नेमणूक व्हावी. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्या उपविभागाचा अधिकारी आपोआप तपास अधिकारी होतो. त्याची न्यायबुद्धी कोणी, कशावरून पाहिली? नियम १७-अ प्रमाणे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. निलंगा हे उपविभागाचे ठिकाण आहे. त्यासाठी लातूरला खेटे घालायची गरज नाही.

कोणाला अटक करा, हे आम्ही पोलिसांना सांगत नाही. तो पुराव्याचा प्रश्न आहे. पण तपास कोणाकडे आणि कोणत्या निकषावर दिला, हे विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. गुन्हा नोंदल्याच्या दुसऱ्याच दिवशी नेमणुकीचा लेखी आदेश मागा. समितीच्या बैठकीचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात काढा. कागद मिळाला नाही, तर मग रस्ता आहेच, आणि तेव्हा आम्ही सोबत असू.

जयभीम!