यंत्रमानव अबोल होतो तेव्हा



मोटारगाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा यंत्रमानव तुम्ही निदान चित्रात तरी पाहिला असेल. त्याला ना डोके, ना पाय. जमिनीला घट्ट बसवलेला एक भलामोठा हात तेवढा असतो. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत असे हात रोज राबतात. असा हात काम करता करता मध्येच थबकतो, तांबडा दिवा लागतो आणि पडद्यावर सूचना येते: ‘संदेशवहनात बिघाड’. काही जळालेले नसते, काही मोडलेलेही दिसत नाही. अशा वेळी काय करावे?

घाईत असलेला माणूस कळ दाबून सूचना पुसतो आणि यंत्र पुन्हा सुरू करतो. गंमत म्हणजे ते चालूही लागते! पण ही दुरुस्ती नव्हे. आणि माझे स्पष्ट मत असे आहे, की ही सवय कारखान्यात लागत नाही. ती आपल्याला शाळेतच लागते.

आधी यंत्रमानव थांबतो का, ते पाहू. त्याच्या हाताला बहुधा सहा सांधे असतात व प्रत्येक सांध्याला एक मोटार. मोटारीच्या आसाला जोडलेले एक उपकरण आस किती फिरला ते मोजून नियंत्रकाला कळवत राहते. त्याला एन्कोडर म्हणतात. ही देवघेव सेकंदाला शेकडो वेळा चालते. निरोप आला नाही, तर हात कोठे आहे हे नियंत्रकाला कळणार कसे? डोळे मिटून घण मारणे धोक्याचे, म्हणून तो हात थांबवतो. म्हणजे हे थांबणे हा दोष नसून शहाणपणा आहे.

निरोप चुकीचा आला, तरी तो ओळखता येतो. समजा, ४, ७, २ हे आकडे पाठवायचे आहेत. त्यांची बेरीज १३, म्हणून शेवटचा अंक ३ सोबत पाठवला. वाटेत ७ चा १ झाला, तर बेरीज ७ येईल. ती ३ शी जुळणार नाही आणि निरोप नाकारला जाईल. आता तुम्ही विचाराल, ४, ७ चे ५, ६ झाले तर? शंका रास्त आहे. म्हणूनच प्रत्यक्ष यंत्रांत साध्या बेरजेऐवजी भागाकारावर आधारलेली अधिक कडक तपासणी वापरतात.

मग बिघाड कोठे असतो? बहुतेकदा अगदी साध्या जागी. हाताबरोबर केबल लाखो वेळा वाकते. वरचे आवरण धड दिसते, पण आतल्या तांब्याच्या बारीक तारा तुटत जातात. हात एका विशिष्ट स्थितीत आला की जोड सुटतो, पुढे सरकला की पुन्हा जुळतो. म्हणून कळ दाबल्यावर यंत्र ‘बरे’ होते! कधी कनेक्टरची पिन सैल असते, तर कधी निरोपाची तार मोटारीच्या जाड केबलला खेटून नेलेली असते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत विद्युतदाब निर्माण होतो, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिले; तो नियम कारखान्यातही सुटत नाही. त्यावर उपाय म्हणून दोन तारांना पीळ घालतात, म्हणजे एका वेढ्यात शिरलेला गोंगाट पुढच्या वेढ्यात बराचसा रद्द होतो. टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच पेटंट करून ठेवली होती.

आता तुमच्या पुस्तकातले एक गणित. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारगाड्यांसाठी ‘कॅन’ नावाची संदेशवहनाची पद्धत मांडली. पुढे ती कारखान्यांतही आली. तिच्यात दोन तारांच्या मार्गाच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लावतात. दरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो ना? तसा टोकावरून परतणारा संदेश या रोधात विरतो. समांतर जोडणीतले १२० ओहमचे दोन रोध म्हणजे ६० ओहम. वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटरने ६० च्या आसपास दाखवले, तर ठीक. १२० दाखवले, तर एका टोकाचा रोध गळला आहे किंवा वाटेत तार तुटली आहे. ४० दाखवले, तर कोणीतरी आगाऊपणे तिसरा रोध जोडला आहे! शाळेतले सूत्र यंत्राच्या पोटातले सांगते, ते असे.

जाणता कारागीर हेच करतो. यंत्र कोणत्या स्थितीत, कोणत्या वेळी थांबले, ते आधी वहीत टिपतो. शेजारचे वेल्डिंग सुरू होतानाच थांबते का, ते पाहतो. एका वेळी एकच बदल करतो. दोन सारख्या केबलींची अदलाबदल करतो: बिघाड केबलीबरोबर गेला तर केबल दोषी, जागच्या जागी राहिला तर ती निर्दोष. आठ तुकड्यांच्या तारेत एक तुकडा तुटला असेल, तर दर वेळी निम्मा भाग तपासून तो तीन चाचण्यांत गाठतो.

कोणी म्हणेल, ‘एवढा वेळ कोणाला आहे? तासभर काम थांबले तर केवढे नुकसान!’ खरे आहे. पण दहा वेळा पुसलेली सूचना अकराव्या वेळी कोणी वाचत नाही. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगन राज्यातील फ्लॅट रॉक येथील ओतशाळेत सुटे भाग काढून देणारे स्वयंचलित यंत्र शिल्लक भागांची चुकीची मोजदाद दाखवत होते. म्हणून एक कामगार स्वतःच फळ्यांवर चढला. वाटेत माणूस आहे, हे यंत्राला कळले नाही. त्याच्या हाताच्या धडकेने तो मरण पावला. तेथे बिघाड केबलीचा नव्हता. पण यंत्र चुकीचे सांगत असताना कारण न शोधता काम पुढे रेटले, की किंमत माणूस मोजतो, हे त्यातून शिकायचे.

आता शाळेकडे वळू. प्रयोगशाळेत दिवा लागला नाही की आपण शेजाऱ्याच्या वहीतले आकडे उतरवतो, कारण गुण ‘बरोबर उत्तराला’ असतात. कळ दाबून सूचना पुसण्याचीच ही पहिली पायरी! माझी सूचना अशी: प्रात्यक्षिक परीक्षेत एक जोडणी मुद्दाम बिघडवून द्यावी आणि दोष कसा शोधला, हे लिहिण्याला गुण द्यावेत. त्याला खर्च काय? एक सेल, एक दिवा आणि आतून तुटलेली एक तार.

परीक्षा बदलेपर्यंत थांबू नका. मित्राला सेल व दिव्याची साधी जोडणी बिघडवून ठेवायला सांगा आणि दोष शोधा. घरातल्या विजेच्या जोडण्यांना मात्र हात लावू नका. अंदाज, चाचणी, निष्कर्ष असे तीन रकाने वहीत आखा. चुकलेला अंदाज खोडू नका. त्यानेही एक जागा निर्दोष ठरवलेली असते.